गुडघ्यासाठी बोललेलं खोटं

आत्याबाई,

तुमची राख सावडायला गेलेली माणसं तुमचा उजवा गुडघा घेऊन परत आली.

तुमच्या लेकाच्या हातात रुमाल होता. मिलिंदनी ओट्यावर बसून तो उघडला. आत धातूचे दोन तुकडे होते. एक वाटीसारखा वळलेला, दुसरा चपटा, खाली आखूड खुंटी असलेला. काळवंडले होते, पण आकार जसाच्या तसा. सोबत गेलेल्यांपैकी कुणाला कळेना हे काय आहे. एकाला वाटलं, सरणाच्या लाकडात जुनी पट्टी राहिली असेल. मिलिंदनाही पटकन उमगलं नाही. मला दारातूनच कळलं. तीन महिने रोज दोन वेळा मी तो गुडघा वाकवला होता.

"मम्मी, ह्याचं आता काय करायचं?" प्रज्ञानं विचारलं. तुमची नात आहे ती, सरळच विचारणार. कुणी म्हणालं दवाखान्यात नेऊन द्या, कुणी म्हणालं घरात ठेवा आठवण म्हणून. मिलिंद म्हणाले, "मायचंच हाय ते. मायबरोबर जाऊ द्या." मग राखेसोबतच ते गावाबाहेरच्या आपल्या तुकड्याच्या बांधावर पुरलं आणि वर लिंबाचं रोप लावलं. त्या गोष्टीचा निकाल तेवढ्यावर लागला.

माझा काही लागला नाही. जलदान विधीच्या दिवशी विहारात सगळे तुमच्याबद्दल बोलले. अख्ख्या वाटूरमध्ये तुमच्याइतका कापूस कुणी वेचला नाही, तुमचा हात कसा चालायचा, तुम्ही लेकाला कसं शिकवलं. मग सूनबाई म्हणून माझ्या हातात माईक दिला. मी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, रडू आलं. रडू आलंच होतं, पण बसले ते त्यानं नाही. जे सांगायचं होतं ते माईकवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि ज्यांना सांगायचं होतं त्या तर समोर फोटोत होत्या.

म्हणून हे लिहिते आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही पंचेचाळिशीच्या असाल. पहाटे भाकरी बांधून रानात जायच्या. दिवसभर लोकांच्या सरीत उकिडवं बसून खुरपायचं, बसल्या बसल्याच पुढं सरकायचं. संध्याकाळी घरी आल्या की उंबऱ्याला धरून दोन मिनिटं उभ्या राहायच्या, मगच आत पाय टाकायच्या. मला तेव्हा वाटायचं, पाय झाडताहेत. ते दुखणं होतं हे कळायला मला किती वर्षं लागली!

लग्नानंतर माझं डी.एड. राहिलं होतं. माझ्या माहेरचेसुद्धा म्हणाले, आता पुरे. तुम्ही म्हणाल्या, "पोरगी माझ्याकडं राहील. तू जाय." प्रज्ञा सहा महिन्यांची होती. तुम्ही तिला कडेवर घेऊन दोन वर्षं काढली. कडेवर पोर, डोक्यावर घागर, आणि खाली ते गुडघे. मी आज शाळेत बाई म्हणून उभी राहते ती त्यांच्या जिवावर. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात तसं बोलायची रीतच नव्हती. तुम्ही "जेवली का" विचारायच्या, मी "जेवले" म्हणायची, एवढंच अठरा वर्षं.

मग तुमचे पाय बाहेरच्या बाजूनं वाकत गेले. तुम्हीच हसायच्या, "माझ्या पायामधून आता शेळी जाईल बघ." तेल झालं, मेथ्या झाल्या, परतूरला जाऊन गुडघ्यात इंजेक्शनं झाली. इंजेक्शनानं दोन महिने बरं वाटायचं, परत तेच. तुमचं रानात जाणं सुटलं. मग बाजार सुटला. मग दळणाला जाणं सुटलं. एकेक गोष्ट अशी हळू सुटत गेली की घरात कुणाला काही कमी झाल्यासारखं वाटलं नाही.

विहार सुटला तेव्हा मात्र मला कळायला पाहिजे होतं. दर पौर्णिमेला तुम्ही पांढरं लुगडं नेसून जायच्या. डाव्या खांबाजवळ दुसऱ्या ओळीत तुमची जागा. आषाढातल्या पौर्णिमेपासून ग्रंथवाचन सुरू झालं की तीन महिने एक दिवस चुकवायच्या नाहीत. तुम्हाला वाचता यायचं नाही, पण वाचणाऱ्याचं पान चुकलं की तुम्ही खालूनच म्हणायच्या, "थांब रं, मधलं एक सुटलं." आणि खरंच सुटलेलं असायचं. एका वर्षी तुम्हाला खाली बसवेना. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. तुम्ही तिच्याकडं पाहिलं आणि घरी निघून आल्या.

"कामून आल्या जल्दी?" मी विचारलं.

"सगळे खाली बसलेले, अन् म्या एकटी खुर्चीवर? बुद्धापुढं उंचावर बसायचं व्हय?"

मी म्हणाले, मूर्ती तर चबुतऱ्यावर आहे, खुर्चीपेक्षा कितीतरी उंच. पुढच्या पौर्णिमेला पांढरं लुगडं पेटीतून निघालं नाही.

आणि मग तो उन्हाळा. तुम्हाला ताप आला, लघवीला जळजळ. मी तुम्हाला परतूरला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, दिवसात पाणी किती पिता?" मीच उत्तर दिलं, "पितात की भरपूर." तुम्ही म्हणाल्या, "न्हाई पीत."

"का बरं?"

"पाणी पेलं की जावं लागतंय. बसता येत न्हाई, बसलं तर उठता येत न्हाई. मंग कशाला प्यायचं?"

आत्याबाई, आपलं घर बांधताना संडासाच्या फरशीचा रंग मी चार दुकानं हिंडून निवडला होता. तिथं तुम्हाला बसता येईल का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. किती दिवस, किती महिने तुम्ही एका तांब्यावर काढत होता ते मला आजही माहीत नाही. त्या दिवशी एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. तुम्ही माझ्या मांडीवर थापटलं आणि म्हणाल्या, "उन्हाचं डोकं दुखतंय का तुझं?"

त्याच आठवड्यात आम्ही तुम्हाला जालन्याला हाडाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी गुडघ्यांचा फोटो काढून उजेडापुढं धरला. दोन्ही गुडघ्यांत फट म्हणून उरली नव्हती, हाडावर हाड घासत होतं. म्हणाले, दोन्ही बदलावे लागतील, पण साखर आहे, हृदय थोडं कमजोर आहे, तर एका वेळी एकच करू. आधी लघवीचा त्रास पूर्ण बरा होऊ द्या. उजवा जास्त खराब आहे, तो पहिला.

तुम्ही सगळं नीट ऐकलं. मग एकच प्रश्न विचारला.

"खाली बसता येईल का?"

"नाही आजी. मांडी घालायची नाही, उकिडवं तर बिलकूलच नाही. खुर्चीवर बसायचं. पण चालता येईल. दुखणार नाही."

तुम्ही पदर सावरला. "चल छाया. रिकामं आलोत."

मिलिंद डॉक्टरांशी बोलत आत थांबले. मी तुमच्या मागं बाहेर आले. आवारात एक बाक होतं, तिथं तुम्ही टेकल्या. मला माहीत होतं, आत्ता इथून गेलो तर तुम्ही परत कधी येणार नाही. आणि मला त्या एका तांब्याशिवाय काही दिसत नव्हतं. तेव्हा मी म्हणाले, "आत्याबाई, डॉक्टर सगळ्यांला तसंच सांगतात. नवीन गुडघा जपावा म्हणून. वरीस झालं की हळूहळू बसता येतंय. आमच्या शाळेतल्या मॅडमच्या आई बसतात की, मांडी घालून."

तुम्ही माझ्याकडं बराच वेळ पाहिलं.

"कुठल्या गावच्या त्या?"

"परतूरच्या," मी म्हणाले. इतक्या जल्दी सुचलं मला. तसल्या कुणी मॅडम नव्हत्या, त्यांची आई नव्हती.

"बरं," तुम्ही म्हणाल्या. आणि उठायला माझ्याकडं हात केला.

ऑपरेशन कमरेत सुई देऊन केलं, म्हणून तुम्ही जाग्या होता. बाहेर आणलं तेव्हा तुमचा पहिला प्रश्न, "आत सुतार आल्ते का? नुसती ठोकाठोक चालू व्हती." नर्स हसायला लागली. तुम्ही हसला नाहीत, तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. तुम्ही खाली आपल्या पायाकडं पाहिलं. पाय सरळ होता. कितीतरी वेळ तुम्ही पाहतच राहिल्या, आणि म्हणाल्या, "हा कुणाचा हाय?"

घरी आलो तोवर मिलिंदनी संडासात कमोड बसवून घेतला होता. खरं काम त्यानंतर सुरू झालं. एक फिजिओथेरपीची मुलगी चार वेळा आली आणि मला शिकवून गेली. टाच सतरंजीवर ओढत आणायची, गुडघा वाकवायचा, मोजून धरायचा, सोडायचा. पहिल्या काही आठवड्यांत वाकला नाही तर तो तसाच आखडून राहील, मग परत भूल देऊन वाकवावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मिलिंदकडून ते होईना. तुम्ही ओरडला की ते हात सोडून बाहेर जायचे. मग राहिले मी.

शाळेत जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. तुमची टाच माझ्या हातात. अठरा वर्षांत मी तुमच्या पायाला पाया पडण्यापुरता हात लावला होता. आता रोज तोच पाय मांडीवर घेऊन बसायची. सुजलेला, गरम, मधोमध लांबलचक टाके. तुम्ही मला काय काय बोललात! "वैरीण हैस तू. मागच्या कोण्या जन्माचं काढून राह्यली?" मी म्हणायची, "आपण मागचा जन्म मानत न्हाई आत्याबाई, आणखी दहा करा." तुम्ही आणखीनच चिडायच्या. एकदा तुम्ही माझी वेणी धरली आणि गुडघा वाकेल तशी ओढत गेला. दोघी एकदमच ओरडलो. प्रज्ञा धावत आली तर आजी आणि मम्मी दोघी रडताहेत आणि मग दोघीच हसताहेत.

शाळेतला फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक मी घरी आणला होता. रोज तुमच्या गुडघ्याला लावून पाहायची. साठ. सत्तर. तीन दिवस सत्तरच. मग पंचाहत्तर. ज्या दिवशी नव्वद झाले, त्या दिवशी मी ओरडले, "काटकोन!"

"काटकोन म्हंजी?"

मी वही आणून तिचा कोपरा दाखवला. तुम्ही वहीचा कोपरा पाहिला, गुडघा पाहिला, परत कोपरा पाहिला. "बराबर हाय," तुम्ही म्हणाल्या. शाळेत निकाल लागल्यावर पहिल्या नंबराच्या पोराचं होतं ना, तसं तुमचं तोंड झालं होतं.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं मी. त्या दिवसांत आपण इतकं बोलायला लागलो होतो! तुमच्या आईचं, तुमच्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे कौसाबाईचं, रानातल्या बायांचं. पण तुम्ही मधेच म्हणायच्या, "पुढच्या आषाढात बसते का न्हाई बघ." आणि मी टाच ओढायची.

तीन महिन्यांनी आपण दाखवायला गेलो. डॉक्टर खूश झाले. मला म्हणाले, घरी कुणी मेहनत घेतली? तुम्ही माझ्याकडं बोट केलं. आणि मग विचारलंत, "आता वरीस झाल्यावर खाली बसायला सुरू करू ना?"

डॉक्टर गोंधळले. "आजी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कधीच नाही बसायचं. एक वर्षानं नाही, दहा वर्षांनीही नाही. आतला भाग झिजेल, सटकेल."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. जालन्यापासून वाटूरपर्यंत तुम्ही बाहेरची रानं पाहत बसला. घरी आल्यावर चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. व्यायाम मात्र करत राहिला, एकट्यानं, कॉटवर बसून. मी पाणी ठेवायची, तुम्ही प्यायच्या. मी म्हणाले, "आत्याबाई, चुकलं माझं." तुम्ही पेला खाली ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं.

पाचव्या दिवशी पौर्णिमा होती. मी शाळेतून आले तर तुम्ही पांढरं लुगडं नेसून दारात उभ्या. हातात काठी.

"घरातली खुर्ची घे," तुम्ही म्हणाल्या.

"विहारात हायेत खुर्च्या."

"तिथली नको. घरची घे. तूच आणायची, तूच मांडायची, अन् तूच परत न्यायची. दर पौर्णिमेला. खोटं तू बोलली."

मी खुर्ची उचलली. भर गल्लीतून तुम्ही पुढं, ताठ पायानं, आणि मी मागं डोक्यावर निळी खुर्ची घेऊन. शाळेतली माझी पोरं ओट्यांवरून पाहत होती. "बाई, कुठं चालल्या?" तुम्ही मागं न बघता उत्तर दिलं, "तुमच्या बाईला शिक्षा हाय." मी डाव्या खांबाजवळ खुर्ची मांडली. तुम्ही बसला. सगळ्यांनी पंचशील घ्यायला सुरुवात केली. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, तुमचा आवाज जरा मोठा झाला. मी खाली तुमच्या पायाशी बसले होते. वर पाहायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर एकही पौर्णिमा आपण चुकवली नाही. ग्रंथवाचनाचे तीन महिने तर रोज. पुढं पुढं गल्लीतल्या बाया म्हणायला लागल्या, आमच्यासाठी बी मांड एखादी. आता त्या खांबाजवळ पाच खुर्च्या असतात, आणि खाली बसलेल्यांना त्याचं काही वाटत नाही. तुम्हालाही पुढं वाटेनासं झालं. एकदा मी धीर करून विचारलं, "आत्याबाई, त्या बाकावर मी बोलले तेव्हा तुम्हाला खरंच खरं वाटलं व्हतं का?"

तुम्ही हसला. "मला म्हाईत व्हतं का न्हाई, ते तुला सांगत न्हाई. राहू दे तुझ्या डोक्याला."

राहिलंच. कधी वाटतं, माझं तोंड बघूनच तुम्हाला कळलं असणार, तुम्ही काही भोळ्या नव्हता. मग तरी हात का पुढं केलात? आणि कधी वाटतं, खरंच विश्वास ठेवला होता, माझ्यावर पहिल्यांदा, आणि मी तोच असा वापरला. मी तुमच्या भल्यासाठी केलं, हे मला माहीत आहे. पण शरीर तुमचं होतं. त्यात काय घालायचं आणि त्या बदल्यात काय सोडायचं, हे खरं ऐकून ठरवायचा हक्क तुमचा होता. तो मी त्या बाकावर काढून घेतला. तुम्ही मला शिक्षा केली, मोकळं मात्र केलं नाही. आणि मला वाटतं, ते बरोबर केलं.

आणि डावा गुडघा? त्याचं तर उलटंच झालं. दिवाळीनंतर तुम्ही स्वतःहून म्हणाल्या, "आता डाव्याचं कधी?" तो फारच कुरकुरायला लागला होता. तुम्ही मागताय याचा मला किती आनंद झाला, आणि मी काय म्हणाले? "प्रज्ञाची बारावी होऊ द्या. मंग उन्हाळ्यात करू, मला सुट्टी असते." तुम्ही लगेच म्हणाल्या, "होऊ दे, पोरीचं आधी." पुन्हा विषय काढला नाहीत. परीक्षेला तीन आठवडे असताना, सकाळी, कॉटवर बसून चहा पीत होता. बशी खाली ठेवली, छातीवर हात ठेवला, आणि मिलिंदनी गाडी काढेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, गुडघ्याचा काही संबंध नाही. नसेल. पण तुमचे शेवटचे तीन महिने डाव्या पायानं लंगडत गेले, ते माझ्या एका "होऊ द्या"मुळं. पहिल्यासाठी मी खोटं बोलून घाई केली आणि दुसऱ्यासाठी खरं बोलून उशीर केला.

पण आत्याबाई, रोज रोज मला हेच आठवत नाही. सगळ्यांत जास्त आठवतो तो त्याच्या आधीच्या हिवाळ्यातला एक दिवस.

कौसाबाई टेंभुर्णीला. सहा वर्षांत तुमची भेट नव्हती. त्यांना यायला होत नव्हतं, तुम्हाला जायला. फोनवर दोघी नुसत्या "कशी हैस", "बरी हाय" करायच्या. त्या दिवशी सकाळी तुम्ही पिशवी भरून तयार. मी म्हणाले, रविवारी ह्यांच्याबरोबर गाडीनं जा. तुम्ही म्हणाल्या, "म्या एसटीनं जाणार. एकटी." मी घाबरले. जालन्याच्या स्टँडवर गाडी बदलायची, गर्दी, ती उंच पायरी. "मला जाता येतंय," तुम्ही म्हणाल्या, "मंग म्या का न जाऊ?"

मी शाळेला उशीर करून वाटूर फाट्यावर तुमच्यासोबत आले. गाडी आली. मी तुमच्या मागं हात पुढं करून उभी राहिले, पडलात तर झेलायला. तुम्ही काठी माझ्या हातात न देता काखेत घेतली, दांडा धरला, आणि चढला. एक पायरी, दुसरी, तिसरी. कंडक्टर म्हणाला, "आजी, हात देऊ का?" तुम्ही म्हणाल्या, "कशाला?"

खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभी राहून ओरडत होते, पाणी पीत राहा, पोचल्यावर फोन करा, गाडी बदलताना विचारून घ्या. तुम्ही शेजारच्या बाईशी बोलायला लागला होता. बहुतेक बहिणीचंच सांगत असणार. गाडी सुटली, जालन्याच्या रस्त्याला लागली. मी हात वर करून उभीच होते.

तुम्ही एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

— तुमची, छाया